विटांचे दोन थर

११ डिसेंबर १९८६, गुरुवार. सकाळी दहा वाजून काही मिनिटं. ठिकाण पांढुर्णा, सरकीच्या तेलाची गिरणी, बॉयलरची शेड.

हजर: शंकर, फायरमन, भट्टीच्या दारासमोर. सुभद्राबाई, इंधनाचे भारे आणून देणाऱ्या, दारापासून दहा-बारा पावलांवर, पुढचा भारा उचलायला वाकलेल्या. भाऊसाहेब, गिरणीचे मालक, पलीकडच्या ऑफिसात.

गैरहजर: मी. त्या वेळी जी जाळी फुटली ती कागदावर मीच काढली होती, पण मी बसने तास-दीड तासावर, सौंसरजवळ बोरगावच्या आमच्या कारखान्यात, दुसऱ्याच कुणाच्या धुराड्याची मापं मांडत बसले होते.

ही नोंद माझ्या वहीत आहे. दुसऱ्या दिवशी एकेकाला विचारून मी ती लिहिली. कोण कुठे होतं हे आधी लिहायचं आणि मग बोलायचं, अशी माझी सवय आहे. यादी केल्याशिवाय मला कामाला हातच लावता येत नाही. अशाच एका यादीतल्या एका ओळीबद्दल हा लेख आहे.

मी ड्राफ्ट्समन आहे. बाईला काय म्हणायचं ते आमच्याकडे कुणी ठरवलं नाही, म्हणून कारखान्यात मला 'ड्रॉइंगवाल्या बाई' म्हणतात, मालक तेवढे मेश्रामबाई म्हणतात. वडील मोहगावच्या शाळेत शिपाई होते. नागपूरला आयटीआय करून मी परत आले तेव्हा सौंसर-पांढुर्ण्याकडे बॉयलरच्या भट्ट्या कागदावर काढणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या माहितीत अजूनही नाही. ऐकायला हे बरं वाटतं. रोजच्या कामात त्याचा अर्थ एवढाच की 'हा पाइप इथं बरोबर वाटतो का?' असं विचारायला माणूस नाही. मी कागद भिंतीला लावते, चार पावलं मागे सरते, आणि स्वतःलाच विचारते.

कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. तिच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून माझी खोली केली आहे. मी बाहेर आले की वेल्डरांचं बोलणं थांबतं आणि आत गेले की पुन्हा सुरू होतं. माणसं चांगली आहेत, कधी कुणी वावगा शब्द बोललेलं नाही. पण ती काय बोलून हसत होती हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. डबा मी टेबलावर एकटीच खाते, खाली जुनं कॅलेंडर पसरून, कागदावर तेल पडू नये म्हणून.

जिथं भट्टी उभी राहायची तिथं मात्र मला कधी पाठवत नसत. आमचे मालक वासुदेवराव म्हणायचे, "मेश्रामबाई, तुम्ही तिथं राहाल कुठं, बसाल कुठं? गडीमाणसांचं काम आहे ते." त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसे. मग माझी ड्रॉइंगं पत्र्याच्या नळकांड्यात बंद होऊन, पाइपांच्या जुडीला बांधून, ट्रकमध्ये चढायची. मी फाटकापर्यंत जायची. वीसच्या वर भट्ट्या मी काढल्या होत्या आणि त्यांतल्या जळताना पाहिल्या होत्या दोन.

म्हणून याद्या. प्रत्येक ड्रॉइंगबरोबर मी एक यादी पाठवत असे: पाया, वीटकाम, नळ्या, जोड, झडपा, सगळं नंबर घालून. काम संपवून माणूस परत आला की मी त्याला समोर बसवून एकेक ओळ विचारायची आणि लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की भट्टी पेटवायला परवानगी. मी तिथं जात नसले तरी माझी यादी जात होती. तेवढ्यानं भागतं असं मला वाटायचं.

भाऊसाहेब पहिल्यांदा आले ते शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, पिशवीत लोखंड घेऊन. माझ्या कोऱ्या कागदावर त्यांनी ते धाडकन ठेवलं.

"ओळखा पाहू, काय हाये?"

"भट्टीच्या जाळीची सळई. बिडाची."

"होती! आता तिचं काय झालं पाहा." सळई मधोमध खाली वाकली होती आणि तिला काळपट हिरव्या काचेसारखं काहीतरी चिकटलं होतं. "बापाच्या काळात कोळसा जाळे, तवा वर्षं वर्षं टिके. आता पऱ्हाटी अन् टरफलं जाळून राह्यलो, तर दोन महिन्यांत मेणावानी वाकते. फसवलं कोणं, सांगा. बीडवाल्यानं का पऱ्हाटीवाल्यानं?"

ज्यांचा भट्टीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भट्टीत इंधन ज्यावर जळतं ती जाळी. खालून हवा वर जाते, वरून राख खाली पडते. कोळशाची राख जाड बसते आणि लोखंडाला पांघरुणासारखी झाकते. कपाशीच्या पऱ्हाटीचं तसं नाही. ती झर्रकन जळते आणि तिची राख थोड्या आचेत वितळते. त्यात आपल्याकडे पऱ्हाटी उपटून काढतात, मुळांना काळी माती तशीच. माती आणि ती राख मिळून काच होते, ती सळयांना चिकटते, हवेची भोकं बुजतात, आणि हवा लागली नाही की लोखंड तापून वाकतं.

हे मी भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे मंग पऱ्हाट्या धुऊन जाळू का मी? वाळत घालू दोरीवर?"

"नको. सळयांच्या जागी नळ्या घालू. त्यांतून बॉयलरचंच पाणी फिरवू. पाण्यानं लोखंड गार राहील, तुलनेनं. काच चिकटणार नाही, चिकटली तरी लांब आकडीनं ओढली की सुटेल."

"आगीखाली पाणी? इझन न बाई ते!"

"भाऊसाहेब, पळसाच्या द्रोणात पाणी घालून निखाऱ्यावर ठेवलंय कधी?"

"ठेवलंय. लहानपणी, वावरात."

"द्रोण जळला?"

"काठ जळला. पाण्यापासून खालता नाई जळला."

"बस. नळी म्हणजे द्रोण."

त्यांनी सळई परत पिशवीत घातली. मग म्हणाले, "तुमी मास्तरीण काहून नाई झाल्या?" आणि काम दिलं.

आता एकच गोष्ट आणखी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या नळ्या आडव्या ठेवायच्या नसतात. नळीत पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुड्याला वर जायचं असतं. नळी एका बाजूनं उचललेली असेल तर तो नळीतून सरकत वरच्या टोकाला जातो, तिथून बॉयलरच्या पोटात, आणि त्याच्या मागं नवं पाणी येतं. नळी अगदी समतल असेल तर बुडबुडा नळीच्या छताला चिकटून बसतो. जाळीवर आग असते ती वरच्याच बाजूला. म्हणजे जिथं आच सगळ्यात जास्त, नेमकं तिथंच पाणी नसतं. लोखंड तिथं मऊ पडतं, फुगतं, आणि एक दिवस फाटतं. म्हणून ढाळ, म्हणजे उतार. मी फुटाला एक इंच धरते. भाऊसाहेबांची जाळी सहा फुटांची, म्हणजे पुढचं टोक मागच्यापेक्षा सहा इंच खाली.

सहा इंच म्हणजे भट्टीच्या विटांचे बरोबर दोन थर.

त्याच उन्हाळ्यात लोधीखेड्याच्या बसस्टँडजवळच्या मिठाईवाल्याचं एक लहानसं काम आलं. खव्याची भट्टी धूर फार करते, तेव्हा त्याला 'पाण्याची जाळी' हवी. भाऊसाहेब करून राहिले असं त्यानं ऐकलं होतं. सौंसरहून बसनं जाता येण्यासारखं होतं, म्हणून मी स्वतः गेले. पाहिलं तर सळया चार बोटं वर बसवलेल्या होत्या, एवढंच. "त्या खाली घ्या, हे मागचं भोक बुजवा, झालं," म्हटलं. तो फार नाराज झाला. "म्हंजे मले पाण्याची जाळी देत नाई का तुमी? भाऊसाहेबाले चालते?" त्याला वाटलं मी त्याला कमी लेखते आहे. धूर थांबला तरी तो माझ्याशी धड बोलला नाही.

तिथं विटा रचायला तुकाराम मिस्त्री होते. साठीच्या आसपासचे, लोधीखेड्याचेच, अंगानं वाळलेले, डोक्याला पंचा. वाचता येत नसे, पण कागदावरचे विटांचे थर बोटानं मोजून ते अख्खी भट्टी डोळ्यांसमोर आणत. काम झाल्यावर त्यांनी मिठाईवाल्याकडून स्टीलचा गिलास मागून घेतला, काठोकाठ पाण्यानं भरला, आणि ताज्या थरावर ठेवून दिला.

"पाहा बाई. इकडून पाहा, तिकडून पाहा. पाणी कोणत्या अंगाले सांडून राह्यलं का?"

"नाही जी."

"जिंदगीत नाई सांडलं. लेवल पाहाची तर माझ्या गिलासात पाहा म्हणतो मी."

मग ते विचारू लागले. हवा खालूनच काहून घ्यायची, धुराडं उंच काहून, वीट फुटते कशानं. मी तासभर बोलत होते. माझ्या कामाबद्दल कुणी तासभर विचारलं, असं त्याआधी झालं नव्हतं. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं, बोलून बोलून घसा दुखत होता. त्या तासात मी त्यांना सगळं सांगितलं. ढाळाचं नाही सांगितलं, कारण खव्याच्या भट्टीला ढाळ नसतो.

पांढुर्ण्याच्या कामाला वीटकामासाठी मीच त्यांचं नाव सुचवलं.

ड्रॉइंगवर ढाळ दाखवायची आमची पद्धत आहे. रेघेवर एक लहान त्रिकोण काढायचा, त्याच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला १२. शिकलेल्याला पुरतं. न शिकलेल्याला तो त्रिकोण दिसला तरी कळत नाही. त्याला दिसते फक्त तिरपी रेघ.

दिवाळी झाल्यावर मिस्त्री काम उरकून आले. यादीची घडी खिशात, हातात संत्र्यांची पिशवी. मी त्यांना समोर बसवलं आणि एकेक ओळ विचारत गेले. चौदावी ओळ आली.

"वीटकाम ड्रॉइंगप्रमाणे?"

"ड्रॉइंगपेक्षा चांगलं, बाई."

मी वर पाहिलं. त्यांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तुमचं एक काम मी गुपचूप करून देलं. कोणाले सांगतलं नाई, सांगणारबी नाई. तुमी इचारू नका."

"काय केलं जी, मिस्त्री?"

"इचारू नका म्हटलं ना. आपल्या माणसाचं करा लागते."

मी विचारलं नाही. मला वाटलं, कुठं एखादा कोपरा ओबडधोबड राहिला असेल तो त्यांनी सारखा केला असेल, फुकटात. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही, मी त्या 'आपल्या माणसाचं' यावरच थांबले होते. चौदाव्या ओळीपुढं लाल खूण केली. ते गेल्यावर संत्रं सोलून खाल्लं, डबा खायच्या आधीच.

भट्टी पेटली. महिनाभर उत्तम चालली. भाऊसाहेबांनी निरोप पाठवला की काच आता आकडी लावताच सुटते, बाईला सांगा.

मग तो गुरुवार.

वासुदेवराव माझ्या दारात येऊन उभे राहिले. फोन त्यांनीच घेतला होता. "पांढुर्ण्याची नळी फुटली. वाफ अन् निखारे दारातून बाहेर आले. फायरमन भाजला. जिवाला धोका नाही म्हणतात." मग आत येत, "भाऊसाहेब म्हणतात, त्यानं पाणी कमी केलं. आपण यात काही बोलायचं नाही."

बॉयलरच्या कामात 'पाणी कमी केलं' हे तीन शब्द फार जुने आहेत. नळी फुटली की पहिलं बोट फायरमनकडे. त्यानं झोप काढली असेल, विडी ओढायला गेला असेल, बॉयलरमधलं पाणी उतरलं असेल. ते एकदा कागदावर आलं की त्याची नोकरी गेली, इलाज त्याचा त्यानं पाहायचा, आणि दुसरीकडे कुणी त्याला भट्टीजवळ उभं करत नाही.

मी म्हटलं, "मी जाते तिथं."

"तिथं?"

"हो. उद्या सकाळच्या बसनं. तुम्ही दुपारी या."

मी पिशवीची यादी केली: टॉर्च, टेप, वही, लाल पेन्सिल, पाण्याची पारदर्शक नळी, जुनी साडी गुंडाळायला.

कागदावर ती भट्टी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावायची. तिथं गेल्यावर तिचं दार माझ्या छातीपर्यंत आलं. थंड पडली होती, दारासमोर राख सांडलेली, आणि राखेत चपलेचा एक जोड, शंकरचा. मी साडी गुंडाळून आत वाकले. डावीकडून तिसरी नळी. वरच्या बाजूनं बेडकासारखी फुगलेली आणि फुगवट्यावर बोटभर चीर. खालून नळी नवी कोरी.

जाळी ही बॉयलरची सगळ्यात खालची जागा. पाणी खरंच कमी झालं असतं तर आधी वरच्या नळ्या गेल्या असत्या. मी टॉर्चनं त्या पाहिल्या. एकीलाही काही झालं नव्हतं.

मागून आवाज आला, "पाणी होतं जी."

सुभद्राबाई. डोक्यावरून पदर, पदरावर राख. त्या कामावर आल्या होत्या, काम नव्हतं तरी. "बॉयलरची पाणी दिसाची काच मी सोता पाह्यली. अर्ध्याच्या वर होतं. शंकरभाऊ दर घंट्याले पाहून खडूनं लिवते न, ते पाहा." भिंतीवर खरोखरच खडूच्या रेघा होत्या. शेवटची दहाची. "पन मले कोन इचारते? मी भारे उचलनारी."

"मी विचारते. ही नळी धराल का?"

पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येतं. खोटं बोलत नाही असं हे एकच हत्यार माझ्याजवळ आहे. सुभद्राबाई राखेच्या दारातून मागच्या टोकाशी, मी पुढच्या. मी हाक मारली, "जाळीच्या नळीपासून पाणी किती वर?"

"चार बोटं!"

माझ्याकडेही चार बोटं होती.

"सारकं हाये का जी?" त्यांनी आनंदानं विचारलं. "एका सुताचाबी फरक नाई. बेस बसवलं मानसानं!"

सहा इंच हवा होता फरक. मी खाली बसून पुढचा आधार पाहिला. विटांचे वरचे दोन थर माझ्या कागदात नव्हते. त्यांच्यासारखं वीटकाम मी फार कमी पाहिलं आहे. सांध्यात नख जाणार नाही असं. त्यावर काठोकाठ गिलास ठेवला असता तर थेंब सांडला नसता. पाइप जोडणाऱ्यानं जागेवर जे माप निघालं तेवढे पाइप कापले. त्याला काय माहीत.

तुमचं एक काम मी गुपचूप करून देलं.

मिस्त्रींना वाटलं बाईचा हात हलला, रेघ तिरपी गेली. मालकाला कळलं तर बाईची नोकरी जाईल. म्हणून त्यांनी स्वतःच्या विटा, स्वतःची मेहनत घालून माझी रेघ सरळ केली, आणि कुणाला सांगितलं नाही.

मी पऱ्हाटीच्या भाऱ्यावर बसले. सुभद्राबाईंनी पाणी आणून दिलं.

सरकारी दवाखान्यात शंकर कॉटवर बसलेला होता. उजवा हात खांद्यापर्यंत पट्टीत, मानेला मलम. पस्तिशीचा माणूस. मी त्याला त्याआधी पाहिलेलं नव्हतं. मी कोण ते सांगितल्यावर तो उठायला लागला.

"बसा, शंकरभाऊ."

"बाई, मी पाणी पाह्यलं होतं. देवाशप्पथ. पन रातभर इचार करून राह्यलो. दहाले पाह्यलं का नवाले? मालक म्हनते, तू पाह्यलंच नाई. आता मलेच खरं वाटत नाई."

"दहाला पाहिलं. भिंतीवर आहे. पाणी होतं."

"मंग चूक कोनाची?"

"माझी. जाळीला ढाळ राहिला नाही."

त्यानं डोळे मिटले. "बरं झालं, बाई," तो म्हणाला. मग एकदम ओशाळून, "तसं नाई म्हनलं मी."

"कळलं मला," म्हटलं.

दुपारी वासुदेवराव आले. भाऊसाहेबांच्या ऑफिसात बसून मी एक पान लिहिलं. पाणी पुरेसं होतं, पुरावा भिंतीवर आणि वरच्या नळ्यांत. जाळी समतल बसल्यानं नळी फुटली. ढाळ ड्रॉइंगवर शब्दांत लिहिलेला नव्हता, आणि काम झाल्यावर तो मोजला गेला नाही. खाली सही.

भाऊसाहेबांनी दोनदा वाचलं. "म्हंजे शंकरची काहीच चूक नाई?"

"नाही."

"दवाखान्याचं मी पाहतो मंग," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. माणूस वाईट नव्हता. रागात एक गोष्ट बोलून गेला होता आणि आता ती परत घ्यायची कशी हे पाहत होता.

भट्टी पाहून आलेल्या वासुदेवरावांनी कागद माझ्याकडे सरकवला. "थर मिस्त्रीनं वाढवले ना? त्याचं नाव लिहा की."

"त्याला जेवढं वाचता आलं तेवढं त्यानं बांधलं."

"तुम्ही त्याला विचारलं होतं, झाल्यावर?"

"विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. तेच लिहिलंय."

शंकरची नोकरी राहिली. त्याचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही, म्हणून आता तो भट्टीवर नाही, पाणी शुद्ध करायच्या टाकीवर आहे. जाळी नीट बसवायला नागपूरहून दुसरा मिस्त्री आणला. माझ्या ड्रॉइंगवर 'तपासले' असा एक चौकोन वाढला. त्यात नागपूरचे एक इंजिनिअर सही करतात. ते भट्ट्या पाहायला येत नाहीत. मी आता जाते, प्रत्येक ठिकाणी, पारदर्शक नळी घेऊन. कुठं राहाल, कुठं बसाल, हे आता कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी पऱ्हाटीच्या भाऱ्यावर बसते.

आणि ड्रॉइंगच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहिते: ढाळ मुद्दाम ठेवला आहे. सरळ करू नये.

तुकाराम मिस्त्री जानेवारीत आले तेव्हा असं एक ड्रॉइंग टेबलावर होतं. काय लिहिलंय ते त्यांनी हमीदभाई वेल्डरकडून वाचून घेतलं आणि गालात हसले.

"हे बेस केलं बाई. मुद्दाम म्हणून लिहूनच टाकलं. आता कोणी तुमच्या हाताले नाव ठेवणार नाई."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "पांढुर्ण्याचं आयकलं. शंकऱ्यानं पाणी कमी केलं म्हणते. नाई तं माझं काम असं जाते का?"

"पाणी होतं, मिस्त्री."

"तुमी साध्या हाये, बाई," ते मायेनं म्हणाले. मग मालकांनी त्यांना हाक मारली.

मागच्या उन्हाळ्यात मी लोधीखेड्याला त्यांच्या घरी गेले, ठरवून, वहीत तीन वाक्यं लिहून. त्यांना आता नीट दिसत नाही, काम सोडलं आहे. अंगणातला चुलीचा ओटा त्यांनी स्वतः रचलेला. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. "ह्याच का त्या ड्रॉइंगवाल्या ताई?"

"ह्याच. अगं, याईची एक डाव मोठी चूक झाली होती. मी झाकून टाकली. आजपावतर कोणाले कळू देली नाई." ते माझ्याकडे वळले, नेमके माझ्याकडे नाही, जरा बाजूला. "बाई, सांगतलं तिले, आता राग मानू नका. तीस-चाळीस वर्षं विटा रचल्या, पन दुसऱ्याचं काम सांभाळलं असं एकच काम."

"चांगलं केलं तुमी," बायको म्हणाली, आणि मला दुसरा कप दिला.

मी चहा प्यायले. ती तीन वाक्यं मी परतीच्या बसमध्ये वाचली आणि तिसरं खोडलं.

त्यांना वाचवते आहे असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण त्यांना वाचवायची किंमत शंकर देतो आहे. पांढुर्ण्याला गेले की तो टाकीवरून खाली उतरतो, वाकडा हात कपाळाला लावून नमस्कार करतो, आणि दर वेळी तेच सांगतो. त्याची सासुरवाडी लोधीखेड्याची. "बाई, मिस्त्री अजून बाजारात मलेच दोष देऊन राह्यले. पोरीचे मामाबी मले हसते. त्याईले सांगा ना तुमी, पाणी होतं म्हून. तुमचं आयकन ते."

"सांगते," मी म्हणते.

माझ्या वह्या जानेवारीत बदलतात. जुन्या वहीतली न झालेली कामं पहिल्या पानावर उतरवून घ्यायची, हा नियम. 'तुकाराम मिस्त्री, लोधीखेडा, सांगणे' ही ओळ तीनदा उतरवून झाली आहे. तिच्यावरची आणि खालची सगळी कामं झाली.

हा अंक दिवाळीत निघेल. लोधीखेड्याच्या वाचनालयात तो येतो आणि मिस्त्रींना कुणीतरी वाचून दाखवीलच. त्याआधी मला जायला हवं. सौंसरहून सकाळी आठची बस आहे. पिशवीत लाल पेन्सिल आहे, वही आहे, स्टीलचा एक गिलास आहे, ढाळ हातानं दाखवता यावा म्हणून. वहीत पुन्हा तीन वाक्यं लिहायला घेतली आहेत. पहिलं, पाणी होतं. दुसरं, ढाळ हवा होता. तिसरं 'मिस्त्री, तुम्ही आपल्या माणसाचं' इथपर्यंत लिहून झालं आहे.